मोठ्यानं वाचलेली आणि मनात वाचलेली : मे ते सप्टेंबरची नोंद

यंदा वीस पुस्तकं वाचायचं ठरवलं होतं, सप्टेंबरअखेर अकरा झाली. गाडी मागे पडली आहे, कारण मेपासून माझं निम्मं वाचन मोठ्यानं चालू आहे. आईच्या डोळ्याच्या पडद्याचं दुखणं वाढलं. छापलेली ओळ तिला मधोमध पुसल्यासारखी दिसते. पूर्वी दिवाळी अंक घरात आला की तो आधी तिच्या हाती जायचा आणि दोन दिवस परत मिळायचा नाही. तिला आता नुसतं टीव्हीसमोर बसवून ठेवणं मला सहन होईना. म्हणून दुपारी जेवणं आटोपली की तासभर मी वाचते, ती ऐकते.

मोठ्यानं वाचायला लागल्यावर लक्षात आलं की मनात वाचताना मी किती ओळींवरून नुसती घसरत जात होते. जीभ तसं करू देत नाही. प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं, आणि वाक्यात दम नसेल तर ते तोंडातच कळतं.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’नं केली. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जळते दिवस, सुरू होता, खोलीत कूलर घरघरत होता, वाळ्याच्या ताट्या भिजवून ठेवल्या होत्या. चौथ्या-पाचव्या पानावर आई म्हणाली, “कूलर बंद कर, नीट ऐकू नाही येऊन राह्यलं.” नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी कूलर बंद करायला लावणारं पुस्तक! याहून मोठी दाद मी पाहिलेली नाही. घामानं पाठ भिजली, पण त्या दिवशी दीड तास वाचलं.

हे पुस्तक मी कॉलेजात धड्यापुरतं वाचलं होतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत गेलेलं, एवढंच आठवत होतं. नागपूर त्यात आहे हे पार विसरले होते. लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक, इथं अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला येतात, तो भाग आला तशी आई उठून बसली. “बुटी म्हणजे आपल्या बर्डीचे?” मग तिनं बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, जुन्या वाड्यांची जी उजळणी सुरू केली, ती ऐकण्यात त्या दिवशीचं वाचन राहिलंच. पुढे राजनांदगावला जाताना रेल्वेत एक गोरा प्रवासी टिळकांना भेटतो, नवा करार देतो, आणि १० फेब्रुवारी १८९५ला टिळक मुंबईत ख्रिस्ती होतात. हावड्याकडे जाणाऱ्या त्या लोहमार्गावरून आम्ही कितीदा गेलो असू. आता रायपूरला मामेबहिणीकडे जाताना ते आठवल्याशिवाय राहणार नाही.

नवरा धर्म सोडून गेल्यावरचे दिवस लक्ष्मीबाई ज्या तऱ्हेनं सांगतात, त्याबद्दल मला इथं थोडं जास्त लिहायचं आहे. सगळे म्हणतात, त्यांनी दुःख विनोदात लपवलं. मोठ्यानं वाचल्यावर मला ते पटेनासं झालं. लपवलेलं काही नाहीच. त्यांना त्या दिवसांतलं सगळंच लख्ख आठवतं, कोण काय बोललं, आपण काय वेडेपणा केला, आणि आठवताना हसू आणि रडू एकाच दाव्याला बांधून येतात. हसत हसत वाचताना एका वाक्याशी माझा आवाज अडकला आणि वर पाहिलं तर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पहिला भाग १९३४ला छापला गेला. शाळा न पाहिलेली, लग्नानंतर अक्षरं गिरवलेली बाई असं गद्य लिहून गेली, आणि नव्वद वर्षांनी ते जसंच्या तसं बोलतं.

त्यानंतर महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. नाटक मोठ्यानं वाचायचं तर आवाज बदलावे लागतात, ते मला धड जमलं नाही. पण बोली आमच्या कानातली, त्यामुळे वाक्यं आपोआप वळणावर आली. १९८५ला विजया मेहतांनी रंगमंचावर आणलेलं हे नाटक मी पूर्वी दोनदा पाहिलं आहे. दोन्ही वेळा भावांच्या वाटणीकडेच लक्ष होतं. या खेपेला अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आला आणि आई म्हणाली, “आमच्याकडे ती जीप होती. चाकं जमिनीत रुतली, पण आबांनी विकू नाही दिली.” मग शिकायचं राहून गेलेली प्रभा आली, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. रात्री ताटं उचलताना तिनं सांगितलं की मावशीला मॅट्रिकनंतर पुढे शिकायचं होतं आणि आजोबांनी नाही म्हटलं. मावशीला जाऊन आठ वर्षं झाली. मला हे आज कळलं.

हेमिंग्वेच्या कादंबरीचं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं ‘एका कोळियाने’ तीन बैठकांत संपलं. ८४ दिवस मासळी न मिळालेला म्हातारा ८५व्या दिवशी, नेहमीच्या सोबतीच्या पोराला न घेता, एकटाच समुद्रात खोल जातो. आईनं समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलेला, तोही गणपतीपुळ्याला. मासा १८ फुटांचा, होडीपेक्षा दोन फूट लांब, असं आलं तेव्हा तिनं मला टेप आणून हॉल मोजायला लावला. आमचा हॉल १५ फूट भरला. “म्हणजे दारातून बाहेर येईल,” ती म्हणाली, आणि तिथून पुढे त्या माशाला आमच्या घरात जागा झाली. होडी ओढली जायला लागली तशी ती पुटपुटली, “त्या पोराला सोबत न्यायला पाह्यजे होतं यानं.” पुढे म्हातारा स्वतःशी तेच म्हणतो, पुनःपुन्हा म्हणतो. मी पान उलटलं तेव्हा अंगावर काटा आला. शार्क येतात तो भाग मात्र तिला आवडला नाही. लेखकानं एवढं तरी सोडायला हवं होतं, असं तिचं मत. माझं तसं नाही, पण वाद घातला नाही.

सवयी कशा बदलाव्या यावरचं एक भाषांतरित पुस्तक साठ पानांवर सोडलं. वाक्यं मराठी लिपीत होती, मराठीत नव्हती.

आता मनात वाचलेली. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आईसमोर दोन पानं वाचून पाहिली आणि थांबले. नायक चक्रधर विध्वंसच्या मनातला बायकांबद्दलचा कडवटपणा माझ्या तोंडून तिला ऐकवणं जमेना. म्हणून रात्री एकटीनं वाचली. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, बोटीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांच्यातली हेर्टा. पुस्तक १९३९चं, म्हणजे युद्ध पेटलं त्याच वर्षाचं, आणि तरी त्यात पुढचं सगळं जणू दिसत असल्यासारखी भीती आहे. छोटी कादंबरी, एका रात्रीत संपते, पण मला आठ दिवस पुरली. हेर्टाची पत्रं गॅलरीत उभी राहून हळू आवाजात वाचली. चक्रधरवर मी अजून रागावलेली आहे. ज्यांनी वाचली आहे त्यांच्याशी यावर बोलायला फार आवडेल.

किपलिंगचं ‘जंगल बुक’ मूळ इंग्रजीत, बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांत मिळालेली प्रत. १८९४चं हे पुस्तक सात कथांचं आहे आणि मोगली त्यातल्या तीन कथांतच आहे, हे मला नव्यानं कळलं. एक कथा तर पार उत्तर ध्रुवाकडच्या सीलची! शेरखान जन्मतः लंगडा, त्याची आईच त्याला लुंगरी म्हणते, हेही सिनेमावर वाढलेल्या मला माहीत नव्हतं. पण सगळ्यात आनंद झाला तो ‘वैनगंगा’ वाचून. मोगलीची टेकडी मध्य प्रदेशातल्या शिवनीची, नदी आमची वैनगंगा, जी तिथून निघून भंडाऱ्यावरून खाली येते. किपलिंगनं हे अमेरिकेत व्हरमाँटला बसून लिहिलं. तो शिवनीला आलेलाच नाही, स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८७७च्या पुस्तकावरून त्यानं रान उभं केलं. आमच्या नळाला त्याच रानातल्या पेंच नदीचं पाणी येतं. आईला गोष्ट मराठीत सांगताना मी ते पाणी ग्लासात घेऊन बसले होते. साहेबी अहंकार त्यात जागोजागी आहे, तो खटकतोही. म्हशींच्या कळपाखाली वाघ तुडवला जातो ते पान मात्र पक्कं आहे.

अरण्यलेखक मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ला गेले. त्या आठवड्यात त्यांचं आत्मचरित्र ‘चकवाचांदण’ उघडलं. वनखात्यातली त्यांची वर्षं, नवेगावबांध-नागझिऱ्याची जंगलं. जाड पुस्तक आहे, संथ आहे, आणि ऐकता ऐकता आईला डुलकी लागते. पण शब्द आला की ती जागी होते. करकोचे, बगळे जिथं वस्ती करून वीण घालतात ती जागा म्हणजे ‘सारंगागार’, कावळ्यांची तशी ती ‘काकागार’. आम्ही एका वहीत असे शब्द लिहून ठेवायला लागलो आहोत, आणि तिकडे आईचे माहेरचे शब्द इकडे उतरत आहेत. पानं पुढे सरकत नाहीत, वही भरते. मला हे बरं वाटतं.

संध्याकाळी दिवाबत्तीनंतर ग्रेसच्या ‘संध्याकाळच्या कविता’तली एक. संग्रह १९६७चा. अर्थ विचारू नका, मलाही सगळा लागत नाही. आई म्हणते, “पुन्हा म्हण.” दुसऱ्यांदा म्हटलं की पुरे म्हणते.

सध्या ‘चकवाचांदण’ निम्म्यावर आहे. नोव्हेंबरात नवेगावबांधला जायचं ठरवलंय. मी दिसेल ते सांगायचं आणि ती ऐकणार, असं मी म्हटलं तर म्हणाली, “पक्षी तर ऐकूही येतात.” त्याआधी मोठ्यानं वाचण्याजोगं एखादं पुस्तक हवं आहे. प्रकरण अर्ध्या तासात संपेल असं, फार पात्रं नसलेलं, आणि शक्यतो विदर्भातलं. सुचलं तर जरूर सांगा.