विनिपेगची स्त्रियांची वाहिनी

१ सप्टेंबर २०२४ रोजी ओप्रा विन्फ्री यांच्या 'ओन' वाहिनीची कॅनडातील आवृत्ती बंद झाली. मी ती फारशी पाहत नव्हते, त्यामुळे वाईट वाटण्याचे काही कारण नव्हते. तरीही वाहिन्यांच्या यादीतून ते नाव गेलेले दिसले आणि मला दुसऱ्याच एका वाहिनीची आठवण झाली. ती बंद पडली असे येथे कोणी म्हणत नाही, कारण तिची जागा अजून चालू आहे. माझ्या लेखी मात्र ती २००२ मध्येच संपली.

'विमेन्स टेलिव्हिजन नेटवर्क', म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली डब्ल्यूटीएन, १ जानेवारी १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा आम्हाला विनिपेगला येऊन जेमतेम चार महिने झाले होते. येथे वाहिनी काढायची तर सीआरटीसी या नियामक आयोगापुढे अर्ज करावा लागतो. त्या काळी वाहिनी कोणासाठी आहे आणि कॅनडात तयार झालेले कार्यक्रम किती दाखवणार, हे परवान्यातच लिहिलेले असे, आणि त्याविषयी आपले म्हणणे आयोगाला कळवण्याचा हक्क कोणाही सामान्य माणसाला होता व आहे. 'स्त्रियांसाठी' हा शब्द सरकारी परवान्यात अट म्हणून येतो, याचे मला तेव्हा फार अप्रूप वाटले होते. त्याहून मोठे अप्रूप हे की, देशभर दिसणाऱ्या या वाहिनीचे मुख्यालय टोरांटोला नव्हते, आमच्या विनिपेगमध्ये होते. मराठी वाहिनीचा कारभार मुंबई सोडून नागपुरातून चालावा, तसे ते होते. लिंडा रँकिन तिच्या पहिल्या अध्यक्षा. उणे तीस अंशांत बसथांब्यावर उभी असताना, याच गावात कुठेतरी बायका बसून साऱ्या देशासाठी वाहिनी चालवत आहेत, या विचाराने मला उगाचच आधार वाटत असे.

सुरुवात मात्र वाईट झाली. त्याच दिवशी सुरू झालेल्या इतर नव्या वाहिन्यांबरोबर ती ग्राहकांच्या माथी मारली गेली. 'नको' असे स्वतःहून कळवले नाही तर पैसे आकारले जातील, अशी अट देशातील एका मोठ्या केबल कंपनीने घातली. लोक असे भडकले की काही दिवसांतच कंपनीला माफी मागून माघार घ्यावी लागली. यात वाहिनीचा काय दोष होता? पण राग तिच्याही वाट्याला आला. वर्तमानपत्रांतील स्तंभलेखकांनी तिची टिंगल केली, ती वेगळीच.

मला सांगायचे आहे ते रविवारच्या रात्रीविषयी. १९९६ पासून सू जोहान्सन नावाच्या परिचारिका या वाहिनीवर थेट प्रक्षेपणात शरीरसंबंधांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देत असत. वय साठीच्या पुढचे, डोळ्यांवर चष्मा, शाळेतल्या बाईंसारखा खणखणीत आवाज. देशाच्या कुठल्याशा कोपऱ्यातून एखाद्या मुलीचा चाचरत फोन येई, आणि या बाई न लाजता, न रागावता, आधी तिला दोन प्रश्न विचारून मग नीट समजावून सांगत. १९७० मध्ये त्यांनी टोरांटोच्या एका शाळेत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते, हे मला नंतर कळले.

१९९८ मध्ये आई आमच्याकडे आली होती. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून नोकरी करून ती नुकतीच निवृत्त झाली होती. तो कार्यक्रम लागताच मी घाईघाईने रिमोट शोधू लागले. आईने माझा हात धरला. "नर्स आहे ना ती? मग बोलू दे की तिला." तिला इंग्रजी फारसे येत नव्हते, पण बाईंनी हातात धरलेली तांबी तिने लगेच ओळखली. "हेच मी बायकांना पडद्याआड, कानात सांगत होते," एवढेच ती म्हणाली आणि शेवटपर्यंत हलली नाही.

'तिकडे काय, सगळे उघड्यावरच' असे गावाकडचे लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. मुंबई दूरदर्शनवरही स्त्रियांचे कार्यक्रम पूर्वीपासून होते आणि त्यांना वेगळ्या परवान्याची गरज पडली नव्हती, हे मी येथील मैत्रिणींना अभिमानाने सांगते. पण आईचे कानातले बोलणे तेथे कधी कोणी मोठ्याने बोलल्याचे मला आठवत नाही.

पुढे विनिपेगच्या मूळ मालकांनी व्यवसाय विकला, वाहिनी टोरांटोच्या एका कंपनीकडे गेली, येथील कार्यालय आवरले गेले आणि १५ एप्रिल २००२ पासून ती 'डब्ल्यू नेटवर्क' झाली. 'विमेन' या शब्दाचे एक अक्षर उरले. अनेक वाहिन्या एकाच छताखालून चालवणे स्वस्त पडते, हे मला समजते. विक्रीच्या वेळी आयोगाला पत्र लिहावे म्हणून मी दोन पाने लिहिलीही होती. पण मुलगा लहान होता, नोकरी नवी होती, आणि परक्या देशात येऊन सात वर्षेही न झालेल्या बाईने कितीसे बोलावे, असे वाटून ती पाने तशीच राहिली. त्या एका पत्राने टोरांटोचा निर्णय फिरला नसता, असे मी अजून स्वतःला सांगते, आणि ते खरेही असावे.

सू जोहान्सन यांचा कार्यक्रम नव्या नावाखालीही २००५ पर्यंत चालला. तोवर आई दर रविवारी फोनवर विचारायची, "ती नर्स येते का गं अजून?" जून २०२३ मध्ये बाई गेल्या, तेव्हा मी आईला मुद्दाम फोन केला. त्र्याऐंशी वर्षांची आई क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "तिच्या जागेवर आता कोण बोलतं?" त्या रात्री मी डब्ल्यू लावून पाहिली. तेथे चित्रपट सुरू होता.