तुम्ही विचारलंत म्हणून : काळा की पांढरा?

रशियन शिकवायला लागल्यापासून दर वर्षी वर्गातलं कुणीतरी विचारतंच : ‘‘मॅडम, ‘बेगर्स कान्ट बी चूझर्स’ला, म्हणजे ‘भिकाऱ्याला निवड नसते’ला, रशियनमध्ये काय म्हणतात?’’ तुम्हीही तेच विचारलंत. आपली मुलं बहुधा इंग्रजीच्या दारातून रशियनमध्ये शिरतात, त्यामुळे इंग्रजीतली म्हण घेऊन तिची जोडीदारीण शोधणं ओघानं आलंच. कोशात उत्तर सापडतंही : ‘दर्योनमु कन्यू व झूबी न्ये स्मोत्र्यात’. भेट मिळालेल्या घोड्याचे दात बघत नाहीत. म्हणजे आपली धर्माची गाय.

हे उत्तर मी सांगते आणि लगेच बजावते, की डोळे मिटून ते वापरू नका.

घोड्याच्या म्हणीत भिकारी नाहीच. भेटवस्तू घेणारा तुमच्यामाझ्यासारखा कुणीही असू शकतो, त्याला फक्त रीत सांगितली आहे. इंग्रजी म्हण मात्र भिकाऱ्याकडे बोट दाखवते. जॉन हेवूडच्या म्हणींच्या संग्रहात ती 1546 साली छापली गेली, तेव्हा तिचा सूर आणखी कडक होता : भिकाऱ्यांनी निवड करू नये. तो काळही तसाच होता. 1531 च्या कायद्यानं इंग्लंडात म्हाताऱ्यांना आणि अपंगांना भीक मागण्याचा परवाना मिळे, आणि धडधाकट माणूस मागताना सापडला तर त्याला चाबकानं फोडत. पुढच्या दहाएक वर्षांत आठव्या हेन्रीनं मठ बंद केले, म्हणजे जिथं दाराशी अन्न मिळायचं ती दारंही गेली. म्हण देणाऱ्याच्या तोंडी आहे, हे मला हा इतिहास वाचल्यापासून विसरता येत नाही.

इंग्रजीत ‘बेग’ पुढे सभ्य बोलण्यातही मुरला. ‘आय बेग युअर पार्डन’ म्हणणारा काही झोळी घेऊन उभा नसतो. रशियनमध्ये त्याचं ‘प्रशू प्रश्शेनिया’ होतं, नुसतं ‘माफी मागतो’. एखादी गोष्ट ‘बेगर्स डिस्क्रिप्शन’ असेल, तर रशियनमध्ये ती वर्णनाला वश होत नाही. नोकरी ‘गोइंग बेगिंग’ असेल, तर ती रिकामी पडून असते. भाषांतर करताना यांतला भिकारी नाहीसा होतो आणि काही बिघडत नाही.

रशियनमधला भिकारी वेगळ्या ठिकाणी भेटतो. ‘पइती पा मीरू’ म्हणजे भीक मागायला निघणं. ‘मीर’ म्हणजे जग, आणि जुन्या रशियन खेड्यात शेतकऱ्यांचा गावसमाजही ‘मीर’च. मागणारा जगात जातो आणि गावाकडेच जातो. कुणाला ‘पुस्तीत पा मीरू’ केलं, म्हणजे त्याला धुळीला मिळवलं. आपल्या ‘देशोधडीला लावणं’च्या हे किती जवळ आहे!

खेड्यातलं हे मागणं कसं असे, ते अलेक्सांद्र एंगेलगार्टनं लिहून ठेवलं आहे. तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक. सरकारनं त्याला 1871 मध्ये स्मोलेन्स्क प्रांतातल्या बातिश्शेवो या त्याच्या वाडीवर हद्दपार करून धाडलं आणि तिथून तो शेतीवर, शेतकऱ्यांवर पत्रं लिहू लागला. तो बजावतो, की ‘निश्शी’ आणि ‘कुसोच्की’ मागणारा यांत गल्लत करू नका. ‘निश्शी’चा मागणं हाच व्यवसाय. ‘कुसोच्की’ म्हणजे पावाचे तुकडे. ते मागणाऱ्याला घर असतं, घोडा-गाय असते. फक्त घरातलं धान्य नव्या पिकाआधी संपलेलं असतं. तो आत येतो, क्रूसाची खूण करतो आणि दाराशी गप्प उभा राहतो. फार तर ‘ख्रिस्ता रादी’, ख्रिस्तासाठी, एवढं पुटपुटतो. घरची बाई त्याला तुकडा कापून देते, कारण उद्या तिच्यावरही ही पाळी येऊ शकते. आणि पुढच्या वर्षी पीक आलं, की हाच माणूस दुसऱ्याला तुकडा देतो. इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थी या दोघांनाही ‘बेगर’ लिहून मोकळा होतो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

आणखी एक शब्द मला फार जवळचा वाटतो. ‘बोग’ म्हणजे देव. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं वेदांतल्या ‘भग’शी लावतात. ‘भाग’ आणि ‘भाग्य’ त्याच कुळातले. ज्याला वाटा मिळाला तो ‘बगाती’, श्रीमंत. ज्याला मिळाला नाही तो ‘उबोगी’, दीनदुबळा. ‘उबोगी’ला इंग्रजी प्रतिशब्द शोधता शोधता आमचा वर्ग थकतो, आणि मराठीत ‘अभागी’ दारातच उभा असतो.

भीक नाकारायलाही रशियनमध्ये ठरलेले शब्द आहेत : ‘बोग पदास्त’, देव देईल. आपण ‘पुढं जा’ म्हणतो, तसंच. मी ते पहिल्यांदा ऐकलं 1992 च्या हिवाळ्यात, मॉस्कोत शिकत असताना. त्या जानेवारीत सरकारनं किमतींवरचं नियंत्रण उठवलं होतं आणि म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची बचत डोळ्यांदेखत विरघळत होती. आमच्या वसतिगृहाजवळच्या भुयारी रस्त्यात एक आजी उभी असायची. नीट बांधलेला रुमाल, पुढे केलेला हात, तोंडातून शब्द नाही. घाईतला कुणी तिला ‘बोग पदास्त’ म्हणाला. अर्थ मी आमच्या दारावरच्या देझुर्नायाला, राखणदार बाईंना, विचारला. त्यांनी तो सांगितला आणि वर म्हणाल्या, ‘‘दोचेन्का, अत सुमी दा अत त्युर्मी न्ये झरिकायस्या.’’ पोरी, झोळी आणि तुरुंग माझ्या वाट्याला येणारच नाहीत, अशी शपथ कधी घेऊ नये.

यावरून रशियन माणसं जास्त दयाळू, असा निष्कर्ष मात्र काढू नका. ‘पप्रशाय्का’ हा भिकाऱ्यासाठीचा तुच्छतेचा शब्दही त्यांचाच, आणि 1960 च्या सोव्हिएत रशियाच्या दंडसंहितेत कलम 209 खाली सतत भीक मागणं गुन्हा होता.

तर तुमचा प्रश्न. बोलणारा स्वतःच्या अडचणीबद्दल बोलत असेल, तर ‘विबिरात न्ये प्रिखोदित्सा’ लिहा : निवडायची सोय नाही. त्यात भिकारी आणायची गरज नाही. बोलणारा समोरच्याला त्याची पायरी दाखवत असेल, तर ‘निश्शी’ शब्द वाक्यात येऊ द्या. त्याचा उद्धटपणा झाकणं हे भाषांतरकाराचं काम नाही. आणि खरोखरच कुणी भेटवस्तूला नाक मुरडत असेल, तर घोडा आहेच.

आमच्या देझुर्नायाबाई संध्याकाळी पाव आणायला निघाल्या, की वाटेत त्या आजीपाशी थांबायच्या. आज काळा आणू की पांढरा, हे आधी विचारायच्या, आणि मग रांगेत जाऊन उभ्या राहायच्या.