कट मारणाऱ्याला जाऊ द्या, नंबर मात्र टिपून ठेवा

संध्याकाळी सहानंतर हिंजवडीतून सुटलेल्या गाड्या भूमकर चौकात आणि वाकडच्या पुलाखाली येऊन तुंबतात. तीन रांगांच्या जागेत पाच रांगा होतात. डावीकडून रिक्षा घुसते, उजवीकडून कंपनीची बस अंगावर येते आणि आरशाला आरसा घासतो. काच खाली होते, "दिसत नाही का रे?" पासून सुरुवात होते आणि दोन मिनिटांत दोन माणसं भर रस्त्यात एकमेकांच्या कॉलरला हात घालून उभी असतात.

अशी भांडणं बहुतेक वेळा तीन ठिकाणी पेटतात: रांगा एकत्र होतात तिथे, मागचा अगदी चिकटून येतो तिथे, आणि सिग्नल सुटल्यावरच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत. तिन्हींच्या मुळाशी गाड्यांमधलं अंतर आहे. समोरच्याचा स्वभाव आपल्याला बदलता येत नाही, अंतर मात्र बरंचसं आपल्या पायाखाली असतं. त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी.

पुढच्या गाडीपासून दोन सेकंद मागे राहायचं. पुढची गाडी एखादा खांब ओलांडून गेली की मनात "एकशे एक, एकशे दोन" म्हणा. ते म्हणून होईपर्यंत तुमची गाडी त्या खांबापाशी पोचायला नको. ताशी ४० किलोमीटर वेगाला हे अंतर साधारण २२ मीटर भरतं, ६० ला ३३ आणि ८० ला ४४. पावसात ते दुप्पट करा. ६० च्या वेगात धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावरसुद्धा ती थांबायला त्यानंतर आणखी २० मीटर लागतात.

यावर ठरलेला आक्षेप असा, की पुण्यात एवढी जागा सोडली तर दहा जण आत घुसतील. घुसतातच. पण हिशेब मांडून बघा. एक गाडी पुढे घुसली की तुम्ही पुन्हा अंतर ठेवायला जास्तीत जास्त दोन सेकंद मागे सरकता. संपूर्ण प्रवासात वीस जण घुसले तरी चाळीस सेकंद गेले. मोठ्या चौकातला एक लाल सिग्नल यापेक्षा जास्त वेळ खातो. या चाळीस सेकंदांच्या बदल्यात वीस वेळा कचकन ब्रेक मारणं आणि वीस वेळा डोकं तापणं वाचतं. कुणी कट मारला की आपलं काहीतरी हिसकावून नेल्यासारखं वाटतं, खरं नुकसान असतं दोन सेकंदांचं. हे एकदा मनात पक्कं बसलं की अर्धा राग तिथेच संपतो.

मागून चिकटलेल्याचा प्रश्न वेगळा. अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) मारत, हॉर्न दाबून धरत जो बंपरला लागून येतो, त्याला धडा शिकवायला ब्रेक मारण्याची खुमखुमी अनेकांना येते. हे कधीही करू नका. त्याच्या मागे दुचाकी असेल तर पहिला मरतो तो दुचाकीवाला, ज्याचा या भांडणाशी काही संबंध नसतो. शिवाय तुम्ही विनाकारण ब्रेक मारलेला त्याच्या डॅशकॅममध्ये (पुढच्या काचेवर बसवलेल्या कॅमेऱ्यात) दिसला, तर दोष तुमच्याकडे वळतो. करायचं ते असं: ब्रेक पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल असते. तेवढंच दोनदा हलकं दाबलं की मागचे लाल दिवे लागतात आणि वेग जवळजवळ कमी होत नाही. त्याला इशारा मिळतो. मग डावा इंडिकेटर द्या, तीन-चार सेकंद थांबा, डावीकडचा आरसा बघून मान वळवून खात्री करा आणि लेन सोडा. तो जाईपर्यंत वेग वाढवू नका. आतल्या आरशाखालची छोटी कळ ओढली की मागच्या अप्परचा झोत डोळ्यांवरून उतरतो. रोज गाडी चालवणाऱ्या कितीतरी जणांना ही कळ कशासाठी असते ते माहीत नसतं.

आणि हेही मोकळेपणाने बोलायला हवं, की उजव्या लेनमधून रमतगमत जाणारा मागच्यांचा संताप वाढवतो. बायपासवर उजवी लेन ओव्हरटेकसाठी आहे. ती धरून बसलं की मागचे डावीकडून काढतात आणि पुन्हा आडवे येतात. आपण कायदा पाळतोय या समाधानात उजवी लेन अडवणं चूकच.

रांगा एकत्र होतात तिथे एक तुमची, एक शेजारची, असा क्रम धरा. रांग संपते तिथपर्यंत दोन्ही रांगा वापरून मग आळीपाळीने मिसळलं तर रस्ता लवकर मोकळा होतो. शेजारच्याला हाताने "या" अशी खूण केली की तो बहुधा एकच गाडी पुढे काढतो आणि मागचाही थांबतो. गोल चौकात आधीपासून आत असलेल्या वाहनाचा हक्क पहिला, हा नियम २०१७ च्या वाहनचालन विनियमांत स्पष्ट आहे. तो पाळला जात नाही म्हणून आपणही तोंड घुसवायचं, हे गणित कोंडीत सगळ्यांनाच अडकवतं.

सिग्नलला उभं राहताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतक्या अंतरावर थांबा. एवढी जागा असली तर रिव्हर्स न घेता, एकाच वळणात डावी-उजवीकडे निघता येतं. पुढचा माणूस दार उघडून तावातावाने तुमच्याकडे येऊ लागला, तर या दोन-अडीच मीटरांची किंमत कळते. बंपरला बंपर लावून उभे राहणारे तिथे अडकून पडतात.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता तर स्वतंत्रच घ्यावा लागतो. लांब उतार, त्यावर भरलेले कंटेनर आणि ट्रेलर, आणि त्यांच्यामधून नऱ्हे-वडगावकडे कापत जाणाऱ्या दुचाकी. २० नोव्हेंबर २०२२ ला इथे एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिनचा रोध नाहीसा होतो, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड सुटते. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो आणि एअर ब्रेकला नवी हवा मिळत नाही. असा ट्रक हॉर्न मारत येत असेल, तर तो दादागिरी करतोय की त्याचा ब्रेक गेलाय, हे तुम्हाला समोरून कळणार नाही. त्याच्याशी हट्टाला पेटायचंच नाही. सरळ डावीकडे व्हायचं. भरलेल्या ट्रेलरसमोर कट मारून शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही, विशेषतः त्याच्या डाव्या बाजूला आणि अगदी नाकासमोर.

आता समजा इतकं करूनही कुणी गाडी आडवी घातलीच. चारचाकीत असाल तर उतरू नका. दारं लॉक, काच बोलण्यापुरती दोन बोटं खाली किंवा पूर्ण बंद, गाडी चालू, गिअर टाकलेला. काही गाड्यांत आतून एक दार उघडलं की सगळी लॉक सुटतात. आपल्या गाडीत तसं आहे का, हे घरी उभं राहून तपासून ठेवा. डोळ्याला डोळा भिडवू नका, फोन त्याच्या तोंडासमोर धरून शूटिंग करू नका, त्याने आग भडकते. तळहात वर करून "चुकलं दादा, जाऊ द्या" म्हटल्याने कुणाचं काही जात नाही, आणि चूक कोणाची होती ते नंतर कॅमेरा सांगतो. "लायसन्स कुठून आणलं?" किंवा "तू ओळखत नाहीस मला" या वाक्यांनी आजवर एकही भांडण मिटलेलं नाही.

दुचाकीवर असाल तर हेल्मेट काढू नका, कितीही उकडत असलं तरी. भांडणात पहिला हात डोक्यावर किंवा चावीवर पडतो. स्कूटरची चावी काढून घेणं हा ठरलेला प्रकार आहे. म्हणून थांबावंच लागलं तर इंजिन बंद करून चावी स्वतः खिशात घाला आणि गाडी व तो माणूस यांच्यामध्ये अंतर ठेवा. लायसन्स, मोबाइल, चावी यातलं काहीही अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं नाही. ओरखड्याचे "आत्ताच्या आत्ता पाच हजार काढ" असं कुणी चार जण गोळा करून म्हणू लागला, तर पैसे न देता ११२ हा आपत्कालीन नंबर लावा आणि "पोलिसांसमोर ठरवू" एवढंच म्हणा. बरेच जण तेवढ्यावर निघून जातात.

कुणी पाठलाग करत असेल तर घराकडे वळू नका, त्याला पत्ता कळतो. जवळची पोलीस चौकी, नाहीतर सीसीटीव्ही आणि माणसं असलेला पेट्रोल पंप गाठा. ११२ ला आधी ठिकाण आणि दिशा सांगा ("नवले पुलाकडून वारज्याकडे, सर्व्हिस रोडवर"), मग गाडीचा नंबर, रंग, प्रकार. फोन हँड्सफ्रीवर किंवा शेजारच्याच्या हातात हवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे. तिथे किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला की गाडी लवकर पोचते.

क्षणाचा राग किती लांब जातो याचं देशाला माहीत असलेलं उदाहरण पतियाळाचं आहे. २७ डिसेंबर १९८८ ला रस्त्यात उभी जिप्सी गाडी बाजूला घेण्यावरून वाद झाला, हाणामारीनंतर ६५ वर्षांचे एक गृहस्थ गेले, आणि त्या प्रकरणात क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांना सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा दिली ती मे २०२२ मध्ये. तेहतीस वर्षांनी.

तक्रार करायची असेल तर शब्द नेमके हवेत. नुसती शिवीगाळ किंवा साधी मारहाण लिहिली की बहुधा एनसी नोंदवली जाते, म्हणजे अदखलपात्र, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. गाडी आडवी घालून तुमची वाट अडवली असेल, तर ते तसंच लिहा: भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गैरनिरोध दखलपात्र आहे. बेदरकार चालवणं कलम २८१ मध्ये येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक चालवण्यासाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरणं आणि उलट दिशेने येणंही येतं, आणि पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. घटना कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडली यावरून परत पाठवलं, तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असली तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) मागा. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तक्रार दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. मार लागला असेल तर सरकारी रुग्णालयात जाऊन एमएलसी (पोलीस प्रकरणासाठी दुखापतीची वैद्यकीय नोंद) करून घ्या, आणि त्याच दिवशी.

या सगळ्याला बळ येतं ते डॅशकॅमने, आणि तो नीट बसवला नसेल तर ऐनवेळी हाती काही लागत नाही. कॅमेरा आतल्या आरशाच्या मागे, डाव्या बाजूला, वायपर फिरतो त्या पट्ट्यात बसवा. वायर काचेच्या बाजूच्या खांबातून खाली आणताना पडदा एअरबॅगवरून (बाजूच्या काचांवर उघडणाऱ्या एअरबॅगवरून) ओढू नका, तिच्या मागून न्या. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना अडथळा होतो. बॅटरीवाला कॅमेरा आपल्याकडच्या उन्हात फुगतो, त्यापेक्षा बॅटरीच्या जागी कॅपॅसिटर असलेला घ्या. मेमरी कार्ड हाय एन्ड्युरन्स लिहिलेलंच हवं, साधं कार्ड सतत लिहून-पुसून काही महिन्यांत दगा देतं. धक्क्याने फाइल लॉक करणारा जी-सेन्सर 'हाय'वर ठेवला तर खड्ड्याखड्ड्याला फायली लॉक होतात, कार्ड भरतं आणि रेकॉर्डिंग थांबतं. तो 'लो'वर ठेवा आणि महिन्यातून एकदा कार्ड फॉरमॅट करा. तारीख-वेळ बरोबर आहे का तेही तेव्हाच बघा, चुकीच्या तारखेचं चित्रीकरण वकील पहिल्यांदा खोडून काढतो.

१०८० पिक्सेलच्या एका कॅमेऱ्याला तासाला साधारण ६-७ जीबी लागतात. ६४ जीबीच्या कार्डावर नऊएक तास मावतात, म्हणजे रोज दोन तास गाडी चालवणाऱ्याचं चित्रीकरण चार-पाच दिवसांत पुसलं जातं. घटना घडली की त्याच क्षणी लॉकचं बटण दाबा, आणि घरी पोचल्यावर कार्ड काढून पाकिटात घालून बाजूला ठेवा, गाडीत दुसरं टाका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या व्हिडिओची प्रत दाबली जाते, नंबर प्लेट पुसट होते, आणि पुरावा म्हणून मूळ फाइलच लागते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार तिच्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र द्यावं लागतं: एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहायची असते. फाइल कापली, नाव गोंदवलं किंवा आवाज काढला तर ती किंमत जुळत नाही.