हिरव्या खुणा, लाल फुल्या

आज लेकीच्या कॉलेज-प्रवेशासाठी तिच्या शाळेतल्या काउन्सेलरबाईंना भेटलो. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढली, पण हे प्रकरण नवीनच. त्यांनी नॅव्हिअन्स हे कॉलेज-प्रवेशाचं सॉफ्टवेअर उघडून एका कॉलेजचा आलेख दाखवला. आडवी एसएटी, म्हणजे प्रवेश परीक्षेचे गुण, उभा जीपीए, म्हणजे शाळेतल्या गुणांची सरासरी, मधे याच शाळेतल्या आधीच्या मुलांच्या खुणा. हिरवी म्हणजे घेतलं, लाल फुली म्हणजे नाही. लेक नेमकी दोन्हींच्या गर्दीत! कोण उत्तम पोहायचं म्हणून लागलं, कुणाचे बाबा तिथलेच माजी विद्यार्थी म्हणून, हे त्या खुणा थोडंच सांगतात?

मग बाई हळूच म्हणाल्या, मागे एकाने एका कॉलेजला दिलेला अर्ली डिसिजनचा शब्द (प्रवेश दिलात तर तुमच्याकडेच येईन) मोडला, तेव्हापासून त्या कॉलेजात आपलं कुणी लागलेलं नाही.

"म्हणजे त्या दादाचं मी फेडायचं?" लेक गाडीत फणकारली.

आमच्या बारावीला कट-ऑफ लागली की विषय संपायचा. इथे अर्जाची शेवटची तारीख, १ नोव्हेंबर, तोंडावर आलीय आणि अर्जासोबतचा निबंध अजून अर्धाच.