तीनची कुठंय?

आमच्या रोबोटिक्स टीमच्या बॅनरवर काहीतरी भारदस्त ब्रीदवाक्य छापलंय. प्रत्यक्षात दिवसभर कानावर पडतं ते एकच: "तीनची कुठंय?"

तीनची म्हणजे तीन एमएमची एलन की, षटकोनी टोकाची वाकडी किल्ली. एम4च्या बोल्टला ती लागते, चाकाच्या हबमधल्या एम6च्या ग्रब स्क्रूलाही (चाक शाफ्टवर आवळून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) तीच. आख्खा रोबो जिच्यावर उघडतो-मिटतो, ती ही एक वाकडी काडी. सेटमधल्या बाकीच्या किल्ल्या वर्षानुवर्षं जागच्या हलत नाहीत. खाच रिकामी ती तीनचीच. घरातल्या नेलकटरची जातकुळी. मी टीममध्ये आले कोडिंग करायला, आणि पहिलं सेमिस्टर गेलं टेबलांखाली वाकण्यात.

"अडीचचीनं भागव ना," असं नवीन मुलं सांगतात. भागत नाही. अडीचची आतल्या आत फिरते आणि बोल्टचं षटकोनी भोक गोल करून ठेवते. मग ड्रिल मारून तो बोल्ट काढा. आम्ही उतरतो त्या रोबोकॉनचा, म्हणजे कॉलेजांच्या रोबो स्पर्धेचा, विषय दरवर्षी बदलतो. 2008 साली तिची आशिया-पॅसिफिक फेरी, एबीयू रोबोकॉन, पुण्यात झाली तेव्हा तर खेळ गोविंदा-दहीहंडीवर बेतलेला होता. पण तेव्हाच्या पोरांनीही हीच काडी शोधली असणार, याबद्दल मला शंका नाही.

यंदा जानेवारीत, स्पर्धेसाठी रोबोचा व्हिडिओ अपलोड करायच्या रात्री, मागचं डावं चाक रुसलं. मोटर फिरतेय, चाक ढिम्म. ग्रब ढिला. आणि तीनची? गायब. बारा वाजेपर्यंतची मुदत, घड्याळात सात. नाशिकची थंडी अशी की बोटांना स्पॅनर चिकटत होता. आम्ही दोघी स्कूटीवरून अंबडच्या एमआयडीसीत निघालो, आमच्या लेथवाल्या काकांकडे. वाटेत द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ गेला, हे नाशिककरांना सांगायला नको.

काकांनी शटर अर्धं ओढलं होतं. खोक्यातून एक काळीकुट्ट की काढून त्यांनी दिव्यापाशी धरली. "टोक गेलंय हिचं." ग्राइंडर लावला, ठिणग्या उडाल्या, टोकाचा जवसाएवढा तुकडा गेला. की पाण्याच्या डब्यात बुडवली. चुर्र! खाली पुन्हा सहा कोरे कोपरे. "एलंकी मरत नसते पोरी, आखूड होते. परत आणून दे मात्र."

परत येऊन ग्रब आवळला, स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा, निळ्या लॉक्टाइटचा, थेंब सोडला. ते पूर्ण पक्कं व्हायला 24 तास लागतात. आमच्याकडे जेमतेम तीन होते. मिनिटाला कुणीतरी चाक हलवून बघायचं आणि बाकीचे त्याच्यावर ओरडायचे. व्हिडिओ गेला 11:52 ला.

सकाळी मिसळ खाऊन आलो, रोबो उचलून कोपऱ्यात ठेवायला गेलो, तर आतून खळ्ळ. बॅटरीच्या खाली, वायरींच्या गुंत्यात, आमची तीनची निवांत पडलेली. व्हिडिओ पुन्हा लावला. दुसऱ्या वळणाला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो.

काकांची की परत द्यायचीय. काल त्यासाठी सगळं वर्कशॉप पालथं घातलं. आमची सापडली, त्यांची नाही.