स्वस्त रंधा आणि नवशिक्याचा हात

"काका, कंपनी नामवंत आहे, मग तिचा स्वस्तातला रंधा घ्यायला काय हरकत आहे?" लाकूड तासून सपाट करण्याच्या या हत्याराविषयी आमच्याच सोसायटीतील एका महाविद्यालयीन मुलीने गेल्या महिन्यात मला हा प्रश्न विचारला. तिला आजीच्या देवपूजेसाठी स्वतःच्या हाताने सागाचा चौरंग करायचा होता आणि हाताशी पैसे बेताचे होते. उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते, कारण याच प्रश्नावर माझी स्वतःची काही महिन्यांची उमेद खर्ची पडलेली आहे.

माझी नोकरी नाशिकमधील सातपूरच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात झाली. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणे हे रोजचे काम होते. निवृत्तीनंतर गंगापूर रोडवरील घराच्या गच्चीत सुतारकाम शिकायला सुरुवात केली, तेव्हा पहिला रंधा मी एका मोठ्या नावाच्या कंपनीच्या घरगुती श्रेणीतला घेतला. तो लाकडावर कधी घसरत जाई, तर कधी मध्येच रुतून लाकडाचे रेषे उपटून काढी. मी पाते दर आठवड्याला धारेला लावले, हाताची पकड बदलून पाहिली, उभे राहण्याची पद्धत बदलली आणि शेवटी असे मानले की साठीनंतर ही विद्या हाताला चढत नाही. पुढे शेजारच्या घरी कामाला आलेल्या एका वयस्क मिस्त्रींनी तो रंधा उचलून डोळ्यांसमोर धरला, उजेडाकडे तोंड करून तळावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "साहेब, तुमचा हात ठीक आहे. ह्याचा तळ पोकळ आहे, आणि पात्याला पाणी नीट दिलेलं नाही." पाणी देणे म्हणजे पोलाद तापवून, विझवून कठीण करणे.

दुसऱ्या दिवशी मी तळावर पोलादी सरळपट्टी ठेवून फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पोलादी पानांच्या मापाने, फट मोजली. रंध्याच्या तोंडाशी, म्हणजे तळातून पाते बाहेर येते त्या खाचेशी, ती ०.२० मिलिमीटर भरली. सफाईच्या रंध्याने निघणारी चांगली ढलपी साधारण ०.०५ मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे माझ्या रंध्याचा तळ ढलपीच्या चौपट खोल होता. तोंडाच्या लगेच पुढचा भाग लाकडाला दाबून धरतो म्हणून पात्यापुढे रेषे फाटत नाहीत. तोच भाग अधांतरी असेल, तर हाताने कितीही साधना केली तरी उपयोग होत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू मोजून नापास करणाऱ्या मला ही एक वस्तू मोजावीशी वाटली नाही, याचे कारण फक्त तिच्यावर छापलेले नाव होते. नावावरचा विश्वास एवढा मोठा असतो, आणि म्हणूनच त्या नावाखाली स्वस्त माल काढणाऱ्याची जबाबदारीही तेवढीच मोठी असते.

हे मी स्वस्त हत्यारांच्या विरोधात लिहीत नाही. अमेरिकेतील ली-नील्सनसारख्या कंपनीचा नेहमीच्या मापाचा एक रंधा ३०० डॉलरहून अधिक किमतीला मिळतो. आपल्याकडे छंद म्हणून लाकडाला हात लावू पाहणाऱ्या माणसाने तेवढे पैसे आधी मोजावेत, अशी अपेक्षा कोणी करू नये. नामवंत कारखान्यांनी बेताच्या किमतीची हत्यारे काढावीत, हे मला मनापासून हवे आहे. प्रश्न एवढाच आहे की किंमत उतरवताना काय कापले जाते. मूठ बीचच्या लाकडाऐवजी प्लॅस्टिकची केली, रंग एकाच थराचा दिला, पाते खाली-वर करणाऱ्या पितळी चाकाऐवजी पोलादी चाक बसवले, बाजू घासून चकचकीत केल्या नाहीत, तर कामात काहीही बिघडत नाही. पण रंध्यात तीन गोष्टी अशा आहेत की ज्यांना हात लावता कामा नये: तळाची सपाटी, पाते ज्यावर टेकते ती बैठक आणि पात्याचे पोलाद.

बिडाचे ओतकाम थंड होताना जाड-पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि धातूत ताण राहून जातात. असे ओतीव लगेच घासून सपाट केले, तर ते त्या दिवशी सपाट दिसते. पण ताण पुढे हळूहळू मोकळे होत गेले की तळ वाकतो. यावर उपाय माहीत आहे: भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवून ताण काढणे किंवा ओतीव बराच काळ तसेच मुरू देणे. दोन्हींत वेळ, इंधन आणि जागा खर्च होते, आणि यांतले काहीच ग्राहकाला दुकानात दिसत नाही. पात्याचेही तसेच आहे. ओ-वन नावाच्या पोलादात सुमारे ०.९ टक्के कार्बन असतो. ते तापवून तेलात विझवले आणि पुन्हा बेताने तापवले की रॉकवेल मापनावर साठच्या आसपास कठीणपणा येतो. हे पाणी देण्याचे काम घाईने झाले तर धार पहिल्या दहा-वीस ओढींतच लोळते. आपल्याकडे सुरगाणा, पेठ आणि डांग भागातला साग वापरला जातो. सागात सिलिकाचे कण असतात आणि ते चांगल्या धारेलाही लवकर बोथट करतात, मग मऊ पात्याची गोष्टच वेगळी.

नामवंत कंपनीने स्वस्त श्रेणी काढण्याची पद्धत नवी नाही. हल्ली मिळणारे बहुतेक लोखंडी रंधे, लुधियाना आणि जालंधरकडचेही, लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराच्या रचनेवर आधारलेले आहेत. त्याचे पेटंट हक्क स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये घेतले. त्याच स्टॅनलीने पुढे 'डिफायन्स' आणि दुसऱ्या महायुद्धानंतर 'हँडीमन' अशा स्वस्त श्रेणी काढल्या. दुसरे नाव दिल्यामुळे निदान घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे कळत होते. खरे नुकसान नंतर झाले, जेव्हा मुख्य श्रेणीचाही दर्जा घसरत गेला आणि जुने चांगले नमुने बंद पडले. १९८१ मध्ये ली-नील्सन कंपनी उभी राहिली ती या मोकळ्या झालेल्या जागेतच. तिचा पहिला रंधा स्टॅनलीच्या बंद पडलेल्या एका छोट्या नमुन्यावरून केलेला होता.

विजेच्या हत्यारांत हाच धडा उलट्या दिशेने मिळाला. ब्लॅक अँड डेकर हे नाव घरगुती उपकरणांवर इतके दिसू लागले, की अमेरिकेतील धंदेवाईक कारागीर त्या नावाचे ड्रिल कामावर न्यायला तयार होईनात. शेवटी कंपनीने १९९२ मध्ये आपल्याकडेच असलेले डीवॉल्ट हे जुने नाव पिवळ्या रंगात धंदेवाईकांसाठी पुढे आणले. बॉशने हा भेद रंगावरून सरळ सांगितला आहे: हिरवे हत्यार घरच्या कामासाठी, निळे रोजच्या धंद्यासाठी. नाशिककरांना बॉश म्हटले की अजूनही मायको हे बॉशच्या इथल्या कंपनीचे जुने नाव आणि सातपूरचा डिझेल नोझलांचा कारखाना आठवतो. पण रंगावरून हत्याराची जात ओळखण्याची ही सोय मला फार प्रामाणिक वाटते. मकिताने आधी 'मॅकटेक' या वेगळ्या नावाने स्वस्त माल विकला आणि नंतर त्याला स्वतःच्या नावाखाली 'एमटी' अशी अक्षरे दिली. अक्षरे दोनच आहेत, पण ती वाचणाऱ्याला फरक कळतो.

माझी तक्रार त्या श्रेणींविषयी आहे, ज्या असे काहीच सांगत नाहीत. त्या मिस्त्रींनी माझाच पोकळ तळाचा रंधा घेऊन, तो किंचित तिरपा धरून आणि पाते केसभर मागे घेऊन, माझ्या डोळ्यांदेखत फळीवरून अखंड ढलपी काढून दाखवली होती. मुरलेला हात हत्याराची खोट ओळखतो आणि तिला वळसा घालतो. नवशिक्याला ती खोट दिसत नाही, म्हणून तो ती स्वतःमध्ये शोधतो. स्वस्त श्रेणी तर नेमकी त्याच्यासाठी काढलेली असते. त्यामुळे तळ आणि पाते यांबाबत तिची तपासणी महागड्या श्रेणीपेक्षाही कडक असायला हवी, असे माझे तपासणी विभागातल्या अनुभवावरून ठाम मत आहे.

त्या मुलीला मी हे सगळे सांगितले आणि शनिवारी आम्ही दोघे रविवार कारंजाजवळच्या एका दुकानात गेलो. माझ्या पिशवीत सरळपट्टी आणि फीलर गेज होते. दुकानदारांनी एकाच नमुन्याचे चार रंधे काउंटरवर मांडले आणि मोजू दिले. पहिल्याचा तळ वाकलेला होता, दुसऱ्याची बैठक हलत होती. तिसऱ्यात ०.०५ चे पान कुठेच शिरले नाही. चौथा तिने स्वतः मोजला, पट्टी आडवी, उभी आणि तिरपी धरून, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काका, तिसराच घेते."