झेड-८० घरगुती संगणक, नोंद ६ : काकांच्या रेडिओतली घरघर

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की झेड-८० प्रोसेसरवर मी घरी बांधत असलेल्या संगणकाचा बोर्ड पूर्ण झाला, त्यावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालू झाली, आता फक्त कीबोर्डाचं खोकं बाकी. त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात अडवलं. "अरे, रात्री तू काय लावतोस रे? अस्मितावर नुसती घरघर. साडेदहाला आपोआप बंद होते." साडेदहाला मी झोपतो. हिशेब लागला.

काकांचा काटा ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीवर, वर्षानुवर्षं बसलेला. सिग्नल येतो मालाडहून, आणि गिरगावात आमच्या चाळीच्या भिंतींतून झिरपत झिरपत त्यांच्या फळीपर्यंत पोचतो. तिथे माझा कचरा मिसळला की निवेदिकेचा आवाज पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा होतो. स्वतः जाऊन ऐकलं. तक्रार खरी होती.

पहिला इलाज चुकला, तोही सांगतो. संगणक उघडा आहे म्हणजे तोच 'सांडतोय', असं धरून चाललो. वाण्याकडून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, कापला, कडा डागल्या, आत बोर्ड बसवला, पत्रा ग्राउंडला जोडला. दोन रविवार आणि एक कापलेलं बोट. काकांच्या रेडिओवर फरक शून्य.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. खिशातला मीडियम वेव्ह रेडिओ घेऊन खोलीभर फिरलो. आतली फेराइट कांडी दिशा ओळखते, रेडिओ फिरवत गेलं की एका कोनात आवाज पडतो, आणि तेव्हा कांडीचं टोक उगमाकडे असतं. डब्याजवळ घरघर वाढत नव्हती. अॅडॅप्टरच्या वायरीजवळ वाढत होती, आणि भिंतीतल्या वायरिंगच्या पट्टीला लागून तर गॅलरीपर्यंत पाठलाग करत होती. संगणकाचा स्विच बंद केला तर आवाजाचा पोत बदलला, पण आवाज गेला नाही. अॅडॅप्टर सॉकेटमधून उपटला, तेव्हा शांतता.

अॅडॅप्टर उघडला. (आतला मोठा कॅपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो. रेझिस्टर लावून रिकामा केल्याशिवाय हात घालू नका.) पीसीबीवर मेनच्या तारा आत येतात तिथे 'एल-१' असं छापलंय, कॉमन मोड चोकसाठी (कचरा अडवणाऱ्या वेटोळ्यासाठी) चार भोकं पाडलेली आहेत, आणि त्या चार भोकांत दोन उघड्या तारांचे जंपर. एक्स कॅपॅसिटरची (मेनच्या दोन तारांमध्ये बसणाऱ्या कॅपॅसिटरची) जागाही रिकामी. डिझाइन करणाऱ्याने फिल्टर दिला होता, बनवणाऱ्याने तो खाल्ला. आणि वर लेबलवर आयएस १३२५२ आणि आर-नंबर (बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक) दिमाखात.

इथे माझाच एक गैरसमज फिटला. आपल्याकडे २०१२च्या आदेशाने अशा वस्तूंना बीआयएस नोंदणी सक्तीची झाली, पण आयएस १३२५२ हे सुरक्षिततेचं मानक आहे : शॉक बसू नये, आग लागू नये. शेजाऱ्याच्या रेडिओत काय जातं, याच्याशी त्याचा संबंध नाही. ते पाहतं सिस्पर ३२ हे आंतरराष्ट्रीय मानक, आणि अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या नियमांचा भाग १५. त्यातला वर्ग अ कारखाना-ऑफिससाठी, वर्ग ब घरासाठी, आणि ब जास्त कडक, कारण घरात रेडिओ-टीव्ही हातभर अंतरावर असतात. लेबलवर छाप दिसला की सगळं आलबेल, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

आता गंमत. अॅडॅप्टरमधला स्विचिंग सप्लाय वीज भराभर चालू-बंद करून व्होल्टेज उतरवतो, त्याचा वेग ६५ किलोहर्ट्झ. हा आकडा इतक्या अॅडॅप्टरांत का भेटतो? सिस्परची वायरीवरची मोजणी १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. ६५ची दुप्पट १३०, म्हणजे सगळ्यात जोरदार दोन स्वर परीक्षेच्या दाराबाहेरच राहतात. पण नववा हार्मोनिक, म्हणजे मूळ वेगाची नऊपट, ५८५ला येतो. ५५८ तिथून २७ किलोहर्ट्झ लांब, मग काकांना त्रास का? कारण आतली आयसी मूळ वेग मुद्दाम चार-एक किलोहर्ट्झ मागेपुढे डोलवते. ऊर्जा पसरली की मोजणीत शिखर बुटकं दिसतं. पण मुळात ४ची डुलकी नवव्या हार्मोनिकवर ३६ची होते. ५४९ ते ६२१ असा सगळा पट्टा सारवून निघतो, आणि अस्मिता बरोबर त्यात सापडते. टायनीएसएच्या (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती जोर आहे ते दाखवणाऱ्या हातातल्या स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या) पडद्यावर हे बघायला मजा येते : सुरुवातीचा स्वर सुईसारखा, पुढचा प्रत्येक आधीच्यापेक्षा जाड, नववा म्हणजे नुसता ढिगारा.

नीट मोजायचं म्हणून लिझन बांधलं. मेन आणि उपकरण यांच्यामध्ये बसवायचं जाळं : प्रत्येक तारेत ५० मायक्रोहेन्री, वर ५० ओहमचा मोजणीचा रस्ता. शनिवारी रात्री मोठ्या थाटात प्लग लावला आणि खट्! ईएलसीबी, म्हणजे अर्थमध्ये करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडला. खोलीत अंधार, आईची मालिका ऐन प्रसंगात बंद. "झालं तुझं?" एवढंच ती म्हणाली, पण कशी म्हणाली ते इथे लिहिता येत नाही. चूक माझी होती. लिझनमध्ये लाइन ते अर्थ ८ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून ०.५८ अँपियर अर्थमध्ये जातो, आणि ईएलसीबी ३० मिलिअँपियरला पडतो. तो पडला नसता तरच काळजी. गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिककडून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेनशी थेट जोड न ठेवता वीज देणारा) उसना आणला आणि लिझन त्याच्या पलीकडे लावलं. टायनीएसएच्या तोंडाशी सिग्नल कमी करणारा १० डीबीचा अॅटेन्युएटर विसरू नका, स्विच मारतानाचा झटका इनपुट जाळतो.

५८५च्या आसपास ८० डीबी मायक्रोव्होल्ट. वर्ग ब ची मर्यादा तिथे ५६. माझी मोजणी जुगाडू आहे, पाच-सहा डीबी इकडेतिकडे धरा, पण २४चा फरक जुगाडाने येत नाही.

इलाज भंगारातून. मेलेल्या पीसी एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायच्या खोक्यातून) कॉमन मोड चोक काढला. एकाच कोअरवर दोन वेटोळी असतात. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, त्यामुळे कामाच्या करंटला तो दिसतच नाही. दोन्ही तारांतून एकाच दिशेने निघालेला कचरा तेवढा अडतो. त्याच्या जोडीला लॅमिंग्टन रोडवरून ०.२२ मायक्रोफॅरडचा एक्स-२ आणला. दुकानदार "साधा चालेल, तेवढाच व्होल्टेज आहे" म्हणतो, ऐकू नका. मेनवर एक्सच्या जागी एक्सच आणि वायच्या (तार ते अर्थिंग बसणाऱ्याच्या) जागी वायच, नाहीतर कॅपॅसिटर शॉर्ट झाला की आग किंवा थेट हातात २३०. अॅडॅप्टरच्या खोक्यात जागा नव्हती, म्हणून वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत बसवलं.

आधी वायरीवर अडकवायची एक फेराइट क्लिपही लावून पाहिली होती. अर्ध्या मेगाहर्ट्झला एका वेढ्याची क्लिप म्हणजे गंडादोरा. वेढे वाढवले तर इम्पिडन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, दहा वेढ्यांना शंभरपट. पण क्लिपमधून दहा वेढे जाणार कसे?

चोक लावल्यावर ५८५ला ५१. काकांकडे गेलो. त्यांनी कान लावला, आवाज वाढवला, कमी केला. "आता ठीक आहे. पण जरा आहे अजून." डोक्यावरचा एलईडी बल्ब बंद करून दाखवला, तेही गेलं. "मग पेपर कसा वाचू?" म्हणाले. तो विषय तिथेच सोडला.

बोर्डाचा स्वतःचा कचरा वेगळाच आहे. ७.३७२८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याचा चौदावा हार्मोनिक १०३.२१९२, एफएमच्या बरोबर मधे. क्लॉकची तार झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) वीतभर फिरवली होती. उगमाशी ४७ ओहम टाकला, कडा बोथट झाल्या, तिथली घरघर निम्म्यावर आली. उरलेली कीबोर्डाच्या केबलमधून निघते. गणित करून बघितलं : एक मीटर केबल, ५० मेगाहर्ट्झ, फक्त ५ मायक्रोअँपियर कॉमन मोड करंट, तरी तीन मीटरवर साधारण १०५ मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर. एफसीसीची वर्ग ब ची मर्यादा तिथे १००. काकांची घरघर अॅडॅप्टरची होती, पण तेलाचा डबा बोर्डाच्या कचऱ्यापुढेही का हरला असता ते आता कळलं. डबा बंद होता, पण त्याच्या भोकातून मी अँटेना बाहेर काढून ठेवली होती.

टीआरएस-८० या झेड-८०वरच्याच जुन्या घरगुती संगणकाची पहिली आवृत्ती नव्या एफसीसी नियमांत बसेना म्हणून १९८१च्या तोंडावर बंद झाली. तिची काही खेळांची सॉफ्टवेअरं शेजारी ठेवलेल्या एएम रेडिओतूनच आवाज काढायची. घरी स्वतःसाठी बांधलेल्या पाचपर्यंत नगांना एफसीसीत मंजुरी लागत नाही, पण दुसऱ्याला त्रास झाला तर बंद करावं लागतं. काकांना हे वाचून दाखवायची हिंमत झालेली नाही.

पुढच्या नोंदीत : दोन थरांचा पीसीबी, खालचा थर सलग ग्राउंड, आणि कीबोर्डाची केबल आत शिरते तिथेच तिचं ग्राउंड डब्याच्या पत्र्याला. ट्रान्सफॉर्मर बुधवारी परत द्यायचा आहे, त्याआधी कुणाला मोजणीची फाइल हवी असेल तर सांगा.